संगणकाच्या दाराशीं विचारपूस

“नेट चालत नाहीं” हें वाक्य आजच्या सुशिक्षित घरांत वरचेवर ऐकूं येतें. वैद्यापुढें बसून “बरें वाटत नाहीं” एवढेंच सांगणाऱ्या रोग्याच्या वाक्यासारखें तें आहे. त्यांत तक्रार आहे, पण माहिती नाहीं. जाणता वैद्य अशा वेळीं औषधाच्या बाटलीला हात घालीत नाहीं. तो आधीं नाडी पाहतो, जीभ पाहतो, चार प्रश्न विचारतो. संगणकाच्या बाबतींत मात्र चांगलीं शिकलेलीं माणसें नेमकें ह्याच्या उलट वागतात. तीं प्रथम यंत्र बंद करून पुन्हां चालू करितात, मग दिसेल ती कळ दाबतात, आणि कांहींच साधलें नाहीं म्हणजे कोणा तरी जाणकाराला हांक मारितात. यंत्राला एक शब्दही विचारलेला नसतो. वास्तविक युनिक्स व तिच्या वंशांतील कार्यप्रणालींत यंत्राची विचारपूस करण्याची सोय चाळीस वर्षांहून अधिक काळ चालत आलेली आहे. ती सोय कोणती, तिचें उत्तर कसें वाचावें, आणि विचारणें व बदलणें ह्यांच्यामधील रेषा कां जपावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

युनिक्सचा जन्म १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत झाला. केन टॉम्पसन व डेनिस रिची हे तिचे प्रमुख कर्ते. पुढें तिचा वंशविस्तार मोठा झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेंतून फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी इत्यादि प्रणाली निघाल्या. ॲपल कंपनीच्या संगणकांवरील मॅकओएसमध्येंही ह्या शाखेचा मोठा अंश आहे. लिनस टोरवाल्ड्स ह्या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्सचा आरंभ केला. युनिक्सची प्रत्यक्ष संहिता न घेतां तिच्या धर्तीवर नव्यानें रचलेला हा गाभा होय, आणि आज ॲंड्रॉइड जातीच्या प्रत्येक फोनच्या पोटांत तोच आहे. म्हणजे हा विषय दूरच्या प्रयोगशाळेंतला नसून खिशांतला आहे.

संगणकाच्या गाभ्याला बाहेरच्या जगाशीं बोलावयाचें असलें म्हणजे तें एका ठराविक दारांतून बोलावें लागतें. ह्या दारालाच इंटरफेस म्हणतात. एक दार तारेचें, एक बिनतारी, अशीं एका यंत्राला अनेक दारें असूं शकतात. आणि प्रत्येकाला स्वतःचें नांव असतें. लिनक्समध्यें तारेच्या पहिल्या दाराला पूर्वीं ‘ईथ-शून्य’ म्हणत. ह्यांशिवाय एक चमत्कारिक दार असतें. तें बाहेर कोठेंच उघडत नाहीं. तेथून निघालेला निरोप फिरून त्याच यंत्राकडे येतो. त्याचा पत्ता १२७.०.०.१ हा सर्व यंत्रांवर सारखाच. यंत्राला आपलेंच बोलणें ऐकूं येतें कीं नाहीं, हें पाहण्यास तें उपयोगी पडतें.

युनिक्सचा एक प्रसिद्ध नियम असा कीं, तबकडी असो, छापयंत्र असो वा कळफलक असो, प्रत्येक वस्तु फाइलीच्या रूपानें समोर यावी, म्हणजे वाचण्यालिहिण्याच्या त्याच त्या आज्ञा सर्वत्र चालतात. नेटवर्कचें दार हा ह्या नियमाला मोठा अपवाद आहे. बर्कलीच्या शाखेंत काय किंवा लिनक्समध्यें काय, उपकरणांच्या फाइलींत ‘ईथ-शून्य’ शोधूं गेल्यास तें सांपडत नाहीं. त्यामुळें दाराची चौकशी करण्यासाठीं निराळी आज्ञा निर्माण करावी लागली.

ती १९८३ सालीं झाली. त्या वर्षाच्या १ जानेवारीस अमेरिकेंतील आर्पानेट ह्या जाळ्यानें आपली जुनी भाषा टाकून टीसीपी-आयपी ही आजची भाषा स्वीकारली. आणि त्याच वर्षीं बर्कलीहून ४.२ बीएसडी ही आवृत्ति बाहेर पडली. तिच्यांत ह्या नव्या भाषेचा पुरा सरंजाम होता. त्याच सरंजामांत ‘इफ्कॉन्फिग’ नांवाची एक लहानशी आज्ञा होती. इंटरफेस व कॉन्फिगर ह्या दोन शब्दांचा संक्षेप करून हें नांव बनविलेलें आहे. तिचें वळण असें कीं, तिच्यापुढें नुसतें दाराचें नांव लिहिलें तर तो प्रश्न होतो, आणि दाराच्या नांवापुढें आणखी एक पत्ता लिहिला तर तोच हुकूम होतो. पहिल्यानें यंत्र आपली स्थिति सांगतें. दुसऱ्यानें त्याची स्थिति पालटते. प्रश्न आणि हुकूम ह्यांमध्यें अवघ्या एका शब्दाचें अंतर! पुढें जें सांगावयाचें आहे, त्याचें मूळ ह्या लहानशा अंतरांत आहे.

प्रथम प्रश्नाचें उत्तर वाचूं. पहिल्या दृष्टीस तें अक्षरांचें व आंकड्यांचें एक कडबोळें दिसतें, परंतु त्याचे भाग मोजके आहेत. एक भाग हार्डवेअर पत्त्याचा. हा ४८ बिटांचा असतो व कारखान्यांतून दाराबरोबरच येतो. हल्लींचे फोन मात्र खासगीपणासाठीं हा पत्ता मुद्दाम निराळा सांगतात. दुसरा भाग आयपी पत्त्याचा. जुन्या चौथ्या आवृत्तींत हा ३२ बिटांचा, म्हणजे टिंबांनीं तोडलेल्या चार आंकड्यांचा असतो. तिसरा भाग मास्कचा, ज्याविषयीं पुढें सांगावयाचें आहे. चौथा, एका खेपेस केवढें पॅकेट दारांतून जाऊं शकेल ह्याचा. ईथरनेटवर ही मर्यादा बहुधा १५०० बाइट असते. शेवटीं आलेल्या व गेलेल्या पॅकेटांची मोजदाद, आणि त्यांत चुकलेलीं किती व टाकून दिलेलीं किती, ह्यांचे आंकडे. हे आंकडे एकदां पाहून फारसा बोध होत नाहीं. थोड्या वेळानें पुन्हां विचारावें आणि फरक पाहावा. चुका वाढत असतील तर पुष्कळदां दोष तारेंत किंवा तिच्या टोंकाशीं असतो.

परंतु सर्वांत अर्थपूर्ण असे दोन लहान शब्द त्याच उत्तरांत असतात, आणि घाईघाईनें वाचणारा नेमका तेथेंच फसतो. लिनक्सच्या उत्तरांत एक शब्द ‘अप्’ व दुसरा ‘रनिंग’. दोहोंचा अर्थ ‘चालू’ असाच वाटतो. पण तो तसा नाहीं. ‘अप्’ म्हणजे हें दार उघडें ठेवावें असा कोणी तरी हुकूम दिलेला आहे. ‘रनिंग’ म्हणजे दाराला लागलेली तार खरोखर जिवंत आहे. तार उपटून टाकली तरी ‘अप्’ हा शब्द जागचा हालत नाहीं. ‘रनिंग’ तेवढा नाहींसा होतो. नव्या आज्ञेच्या उत्तरांत तेथें ‘नो-कॅरियर’ अशी स्पष्ट नोंद येते, आणि बर्कलीच्या वंशांत ती ‘स्टेटस’ ह्या निराळ्या ओळींत असते. म्हणजे एक शब्द मालकाची इच्छा सांगतो आणि दुसरा वस्तुस्थितीची साक्ष देतो. पत्ता व मास्क हेही पहिल्याच जातीचे. कोणी तरी सांगितलें म्हणून यंत्र तें बोलतें. आंकड्यांची मोजदाद दुसऱ्या जातीची. तें यंत्रानें स्वतः पाहिलेलें असतें. उत्तर वाचतांना सांगितलेलें कोणतें आणि पाहिलेलें कोणतें, ही निवड ज्याला करितां आली, त्याला विचारपूस साधली. साक्षीलाही मर्यादा आहे, हें ओघानेंच आलें. तार जिवंत असल्याची ग्वाही घरांतील राउटरपर्यंतचीच असते. त्यापलीकडच्या रस्त्याविषयीं हें दार कांहीं जाणत नाहीं.

आतां मास्क. आयपी पत्त्याचे दोन तुकडे असतात: पहिला तुकडा मोहल्ल्याचा, दुसरा घराचा. तुकडा कोठें पाडावयाचा तें मास्क सांगतो. समजा, एका यंत्राचा पत्ता १९२.१६८.१.२० आहे आणि मास्क २५५.२५५.२५५.० आहे. तर पहिले तीन आंकडे मोहल्ल्याचे, शेवटचा घराचा. ज्याचे पहिले तीन आंकडे जुळतात तो शेजारी. त्याला थेट हांक मारावयाची. ज्याचे जुळत नाहींत तो परगांवचा. त्याचें टपाल राउटरच्या हवालीं करावयाचें. आतां मास्क लिहितांना तिसऱ्या आंकड्याच्या जागीं चुकून शून्य पडलें, म्हणजे मास्क २५५.२५५.०.० झाला, तर काय होईल? वरच्या मजल्यावर दुसऱ्या मोहल्ल्यांत, १९२.१६८.७.९ ह्या पत्त्यावर, कचेरीचें छापयंत्र आहे. तेंही शेजारींच आहे असें आपलें यंत्र समजूं लागतें आणि राउटरकडे न जातां त्याला आपल्याच मोहल्ल्यांत हांका मारीत राहतें. हांक राउटर ओलांडून जात नाहीं, म्हणून उत्तर येत नाहीं. बाहेरचें सगळें जग सुरळीत चालतें, आणि मजल्यावरचें छापयंत्र तेवढें सांपडत नाहीं! माणसें छापयंत्राला दोष देतात, शाई बदलतात, कागद बदलतात. चूक मात्र एका शून्याची असते आणि एका प्रश्नानें उघड झाली असती.

एका आंकड्याविषयींच्या मतभेदानें केवढा गोंधळ माजतो, ह्याचें उदाहरण ह्या आज्ञेच्या बाळपणींच घडलें. मोहल्ल्यांतील सर्वांना एकदम निरोप द्यावयाचा, तर त्यासाठीं एक विशेष पत्ता लागतो. ४.२ बीएसडीनें असा पत्ता घराच्या जागीं सगळीं शून्यें घालून बनविला. १९८४ सालीं जो प्रमाणलेख निघाला त्यांत मात्र सगळे एक घालावे असें ठरलें, आणि १९८६ च्या ४.३ बीएसडीनें तें मान्य केलें. जुनीं व नवीं यंत्रें एकाच तारेवर नांदूं लागलीं, तेव्हां नव्या यंत्रानें सर्वांना उद्देशून काढलेला निरोप जुन्या यंत्रांना कळेना. हा दुसऱ्या कोणाचा निरोप आपल्याकडे चुकून आला, असें समजून तीं परोपकारबुद्धीनें तो पुढें पोंचविण्यास निघत. आणि त्या नसलेल्या घराचा पत्ता सर्वांना ओरडून विचारीत. एक नव्हे, तारेवरचीं सगळीं जुनीं यंत्रें एकाच क्षणीं ओरडत! ह्या प्रकाराला जाणकार ‘प्रसारणाचें वादळ’ म्हणूं लागले. कोणतेंही यंत्र बिघडलेलें नव्हतें; प्रत्येकजण आपापल्या समजुतीप्रमाणें बरोबरच वागत होता. उपायही साधाच होता: प्रत्येक दाराला त्याचा प्रसारणाचा पत्ता विचारावा आणि सर्वांचा एक करावा. ४.३ बीएसडीच्या इफ्कॉन्फिगमध्यें हा पत्ता ठरवून देण्याची सोय होती.

बर्कलीच्या शाखांत ही आज्ञा अद्यापि नांदते आहे. लिनक्समध्यें मात्र तिच्या जागीं दुसरी आली. १९९९ मध्यें लिनक्सच्या गाभ्याची २.२ ही आवृत्ति निघाली, त्या सुमारास अलेक्सी कुझनेत्सोव्ह ह्या रशियन तज्ज्ञानें नवा आज्ञासंच रचला. त्यांतील मुख्य आज्ञेचें नांव नुसतें ‘आयपी’. जुन्या आज्ञेची अडचण अशी होती कीं, तिची बांधणी एका नांवाला एक पत्ता ह्या समजुतीवर झालेली होती. नव्या गाभ्यांत एका दाराला अनेक पत्ते देतां येऊं लागले, परंतु नव्या रीतीनें दिलेले जादा पत्ते जुन्या आज्ञेच्या उत्तरांत दिसत नसत. उत्तर खोटें नव्हतें, अपुरें होतें. अपुरें उत्तर खोट्याहून घातक, कारण त्याच्याविषयीं संशय येत नाहीं. डेबियन ह्या लिनक्सच्या प्रसिद्ध वाणानें २०१७ च्या आवृत्तीपासून जुनी आज्ञा नेहमीच्या मांडणींतून काढून टाकली.

नव्या आज्ञेचा एक गुण शिक्षणाच्या दृष्टीनें मोठा आहे. ती प्रश्नांचे थर वेगळे करिते. ‘आयपी लिंक’ म्हटलें कीं दाराची व तारेची स्थिति कळते. ‘आयपी ॲड्रेस’ म्हटलें कीं पत्ते. ‘आयपी रूट’ म्हटलें कीं रस्ते. ह्यांतूनच चौकशीचा क्रम आपोआप ठरतो. तार जिवंत आहे काय? पत्ता मिळाला आहे काय? बाहेर जाण्याचा रस्ता, म्हणजे राउटरचा पत्ता, ठाऊक आहे काय? आणि अखेरीस, संकेतस्थळाच्या नांवावरून त्याचा पत्ता शोधून देणारा कोणी भेटतो काय? ह्या चार पायऱ्या क्रमानें चढाव्या. पहिलीवर अडलें तर चौथीची चिंता व्यर्थ. दुसऱ्या पायरीची एक खूण घरोघर उपयोगी पडेल. पुष्कळ यंत्रांना राउटरकडून पत्ता मिळाला नाहीं, म्हणजे तीं १६९.२५४ ह्या आंकड्यांनीं सुरू होणारा पत्ता स्वतःच धारण करितात. असा पत्ता दिसला तर समजावें कीं, यंत्रानें विचारलें, पण पत्ता देणाऱ्यानें उत्तर दिलें नाहीं. दोष बहुधा राउटरकडे, अथवा राउटरपर्यंतच्या वाटेंत आहे.

एथवर विचारण्याची गोष्ट झाली. विचारण्यानें कोणाचें नुकसान होत नाहीं, म्हणून युनिक्सनें तो अधिकार सामान्य वापरणाराला दिलेला आहे. बदलण्याचा अधिकार मात्र ‘रूट’ ह्या मुख्य अधिकाऱ्यालाच. ही मर्यादा शहाणपणाची आहे. कारण आज बहुतेक मोठे संगणक त्यांच्या व्यवस्थापकापासून शेंकडों मैल दूर असतात, आणि तो त्यांच्याशीं त्याच दारांतून बोलत असतो. मुंबईंत बसून सिंगापूरच्या यंत्राचा पत्ता बदलतांना एक आंकडा चुकला, तर चूक दुरुस्त करण्याचा रस्ताच त्या चुकीबरोबर नाहींसा होतो. ज्या फांदीवर बसावें तिच्यावरच कुऱ्हाड घालण्याचा हा प्रकार होय.

४ ऑक्टोबर २०२१ ह्या सोमवारीं फेसबुक कंपनीच्या बाबतींत असेंच घडलें, तें मात्र फार मोठ्या प्रमाणावर. कंपनीनें स्वतः प्रसिद्ध केलेल्या खुलाशाप्रमाणें, आपल्या अंतर्गत जाळ्याची क्षमता किती शिल्लक आहे हें पाहण्याच्या हेतूनें एक आज्ञा दिली गेली. आणि तिनें त्या जाळ्याचे सर्व दुवे तोडून टाकले. असल्या आज्ञा तपासून थोपविणारें एक साधन होतें, परंतु त्यांतच दोष असल्यामुळें तें थोपवूं शकलें नाहीं. दूरून दुरुस्ती करण्याचे रस्तेही बंद पडले. तंत्रज्ञांना प्रत्यक्ष यंत्रगृहांत पाठवावें लागलें, आणि तीं यंत्रगृहें सहज प्रवेश मिळूं नये अशाच रीतीनें बांधलेलीं असल्याकारणानें त्यांतही वेळ गेला. सुमारें सहा तास फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप जगभर बंद होतें. आपल्याकडे त्या वेळीं रात्रीचे नऊ वाजून गेले होते, आणि अनेक घरांत फोन नादुरुस्त झाला अशी समजूत होऊन तो पुन्हां पुन्हां बंद करून चालू करण्यांत आला. हेतु विचारण्याचा होता, घडलें तें बदलणें. विचारणें व बदलणें ह्यांमधील रेषा पुसट झाली म्हणजे काय होतें, ह्याचें ह्याहून बोलकें उदाहरण नाहीं.

ह्यावर जुन्या व्यवस्थापकांनीं एक तोड काढलेली आहे, ती युनिक्सच्या एका स्वभावावर आधारलेली आहे. इफ्कॉन्फिग किंवा आयपी ह्या आज्ञांनीं केलेला बदल गाभ्याच्या चालू स्मृतींत राहतो. यंत्र पुन्हां सुरू झालें कीं तो पुसला जातो आणि फाइलींत लिहिलेली जुनी व्यवस्था परत येते. म्हणून जाणता व्यवस्थापक आधीं यंत्राला सांगून ठेवितो कीं, दहा मिनिटांनीं आपोआप बंद होऊन पुन्हां सुरू हो. मगच तो दाराला हात लावितो. बदल साधला, तर तो तो हुकूम रद्द करितो. फसला, तर दहा मिनिटें वाट पाहतो. उबुंटू ह्या लिनक्सच्या वाणांत हीच युक्ति ‘नेटप्लॅन ट्राय’ ह्या आज्ञेच्या रूपानें आयती मिळते. १२० सेकंदांच्या आंत कोणी ‘ठीक आहे’ असें कळविलें नाहीं, तर ती जुनी व्यवस्था परत आणते.

ह्याच स्वभावाची दुसरी बाजूही ध्यानांत ठेवावी. चालू स्मृतींतला बदल यशस्वी झाला आणि तो फाइलींत लिहावयाचा राहिला, तर सहा महिने सर्व उत्तम चालतें. मग एके रात्रीं वीज जाते, यंत्र पुन्हां सुरू होतें, आणि सहा महिन्यांपूर्वींचा दोष जसाच्या तसा उभा राहतो. तेव्हां “आज तर कोणीं कशाला हात लावला नव्हता” असें सर्वजण शपथेवर सांगतात, आणि तें खरेंही असतें. हुकूम दिल्यावर तो दप्तरांत नोंदला गेला कीं नाहीं, हें पाहिल्यावांचून काम पुरें झालें असें म्हणूं नये.

घरगुती वापरांत इतकी जोखीम नसते. तथापि एक संवय प्रत्येक घरानें लावून घेण्यासारखी आहे. सर्व कांहीं सुरळीत चालूं असेल अशा एकाद्या निवांत संध्याकाळीं घरांतील संगणकाला हे प्रश्न विचारावे आणि चार उत्तरें एका कागदावर लिहून ठेवावीं: दाराचें नांव, त्याचा पत्ता, मास्क, आणि राउटरचा पत्ता. मॅकओएस अथवा लिनक्स असेल तर टर्मिनल उघडून एकदोन आज्ञा पुरतात. फोनवर हींच उत्तरें बिनतारी जोडणीच्या तपशिलांत मिळतात. पत्ता राउटरकडून आपोआप मिळत असेल तर त्याचा शेवटचा आंकडा कधीं कधीं बदलेल, त्यानें घाबरूं नये. मास्क व राउटरचा पत्ता सहसा बदलत नाहींत. तो कागद राउटरच्या शेजारीं भिंतीला लावावा. नेट बंद पडेल त्या दिवशीं तेच प्रश्न पुन्हां विचारावे आणि दोन्ही उत्तरें शेजारीं शेजारीं ठेवून पाहावीं. जो आंकडा फिरला असेल त्यापासून शोध सुरू करावा. कोणताच फिरला नसेल तर आपलें दार ठीक आहे, असें धरून राउटरच्या पलीकडे चौकशी करावी. मदतीला बोलावलेल्या माणसाच्या हातींही तोच कागद द्यावा. त्याचा निम्मा वेळ वांचेल.